साहेबरावचा अंगठा

काळेवाडीत साहेबरावचं गॅरेज कुठं असं विचारलं, तर निम्मे लोक आजही सांगतील, हातवाला साहेबराव ना, पिठाच्या गिरणीमागं. उरलेले निम्मे नवे आहेत. त्यांना साहेबराव माहीत नाही आणि त्यांच्या गाड्यांना त्याची गरजही पडत नाही. त्या जातात कंपनीच्या वर्कशॉपात. तिथं गाडीला वायर जोडायची, पडद्यावर आकडा उमटतो, त्या आकड्याचा पार्ट काढून नवा टाकायचा. याला मेकॅनिकी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. साहेबरावचं काम निराळं होतं. होतं म्हणताना जीभ अडखळते, पण आता तसंच म्हणायला हवं.

त्याचे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत तीन पाळ्यांत राबले. पोरगाही तिथंच चिकटेल अशी घरात सगळ्यांची खात्री, पण भरती काही निघाली नाही. म्हणून दहावीला आपटलेल्या साहेबरावला त्यांनी कॅम्पातल्या एका उस्तादाच्या हाताखाली घातला. उस्ताद मोठा विक्षिप्त. शिकाऊ माणसाच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा, नटांचा डबा पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, अर्ध्या इंचाचा काढ. चुकला की पेरांवर पाना बसायचा. वर्षभरात साहेबरावची बोटं अशी तयार झाली, की ग्रीसचा हात असो नाहीतर थंडीनं काकडलेला, नुसता टेकला तरी नटाचं माप, पॅकिंगची जाडी, लोखंडावरची केसाएवढी चीर, सगळं त्याला बिनचूक कळायचं.

पुढं त्यानं स्वतःची पत्र्याची शेड टाकली. प्रभावतीशी लग्न झालं, एक मुलगी झाली, साक्षी. इंजिनातलं ऑइल चिमटीत चोळून इंजिनाची तब्येत सांगणारा म्हणून त्याचं नाव पसरलं. निगडीच्या बंगल्यांतून फियाटी यायच्या, चाकणकडच्या गावांतून जीपा आणि अँबॅसेडर यायच्या. नव्या गाड्यांना त्यानं कधी हात लावला नाही, लावायला सांगितलं तर चिडायचा. गर्व होताच, खोटं कशाला बोला. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कुणी कौतुकानं टॉर्च धरला तर म्हणायचा, उजेड तुम्हाला लागतो, मला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली, म्हणजे निघाली तेव्हा ती आधीच बरीच जुनी होती. झालं असं, की प्रभावतीनं एका सकाळी चहाचं पातेलं उतरवायला सांगितलं. यानं ते सांडशीशिवाय उचललं, ओट्यावर ठेवलं आणि शांतपणे पेपर वाचत बसला. संध्याकाळी चार बोटांवर टपोरे फोड आले. प्रभावती हादरली. दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढतच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांच्या टोकांना टाचणी टोचत प्रत्येक वेळी विचारलं, टोचतंय का? साहेबराव दहाही वेळा हो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "काका, शेवटच्या चार वेळा मी टोचलंच नव्हतं." नसा गेल्या होत्या. आहे ते टिकवा, गेलेलं परत यायचं अवघड आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

येताना रिक्षात साहेबरावनं प्रभावतीला शपथ घातली, की हे कुणाला कळता कामा नये, साक्षीलासुद्धा नाही. त्या बिचारीनं ती पाळली, आणि आता ती स्वतःला त्याबद्दल बोल लावत बसते. पण तिनं तरी काय करावं? साहेबरावकडं हातांशिवाय होतं काय? शेडचा गंजका पत्रा बघून कुणी येत नव्हतं. हातवाल्याचे हातच गेले हे फुटलं असतं, तर त्याला स्वतःला आपण कोण ते सांगता आलं नसतं.

म्हणून त्यानं सोंग घेतलं. गिऱ्हाईक आलं की त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला पिटाळायचा आणि ते परत येईपर्यंत टॉर्च लावून, चष्मा चढवून, खडूच्या खुणा करून काम उरकायचा. नट निसटायचे, वॉशर हरवायचे, बोटं कापून रक्त यायचं आणि ते त्याला रक्त दिसल्यावर कळायचं. तरी तीन वर्षं निभलं. निभलं म्हणूनच घात झाला.

महाळुंग्याचे दादासाहेब त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शेतकरी माणूस. बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, हायवेच्या पलीकडं दीड एकर तेवढी उरली. त्यांची अँबॅसेडर तीस वर्षांची म्हातारी, पण पेट्रोल इंजिन साहेबरावनं असं राखलं होतं, की सकाळी पहिल्या स्टार्टरला आवाज यायचा. पुतण्या रविराज कंपनीत चांगल्या नोकरीला, त्यानं नवी गाडी घेतल्यावर सगळे म्हणाले, आता हा डबा फुंकून टाका. दादासाहेबांनी ऐकलं नाही, आणि त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळींना, गवराबाईंना, अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अँबॅसेडरचं दार ऐसपैस, मागची सीट उंच आणि मऊ. दादासाहेब त्यांना काखेत धरून सीटवर टेकवायचे, मग पाय उचलून आत घ्यायचे. रविराजच्या गाडीत दोनदा बसवून पाहिलं. दोन्ही वेळा पाय दारात अडकला आणि बाई कळवळून रडली. तिसऱ्यांदा बसायला तयारच होईना.

रविवारी कंपन्यांच्या बस कमी असतात. तो दिवस धरून दादासाहेब त्यांना शेतावर न्यायचे. गाडी बांधाला लावायची, दार सताड उघडं ठेवायचं. गवराबाई सीटवरूनच डाव्या हातानं दाखवायच्या, तिकडं तण राहिलंय, त्या वाफ्याला पाणी पोचलेलं नाही. गडी मुकाट ऐकायचा. आठवड्यातले तेवढे दोन तास ती बाई घरची मालकीण असायची, बाकी सगळे दिवस खाट आणि छताचा पंखा. ती गाडी बंद पडली तर गवराबाईंचं बाहेरचं जगच बंद होणार होतं. हे दादासाहेबांना माहीत होतं आणि साहेबरावलाही पक्कं माहीत होतं.

गेल्या फेब्रुवारीत गाडी चढाला मान टाकायला लागली. दादासाहेब तशीच रेटत काळेवाडीला घेऊन आले. साहेबरावनं आवाज ऐकूनच सांगितलं, एसी पंप गेला. आता एसी म्हणजे गारव्याचा एसी नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला पोचवणारा, मुठीएवढा लोखंडी पंप. विजेवर नाही, इंजिनावरच चालतो. इंजिनाच्या पोटात एका बाजूला फुगलेला कॅम फिरतो, तो पंपाची दांडी वरखाली करतो, दांडी आतला रबरी पडदा ओढते, आणि पडद्यामुळं पेट्रोल ओढलं जातं. पडदा जुना झाला की नवा टाकायचा आणि पंप पुन्हा इंजिनाला बसवायचा. साहेबरावनं हे काम हजार वेळा केलं असेल.

त्यानं दादासाहेबांना चहाला जायला सांगितलं. पण दादासाहेब कुठले जातात, तीस वर्षं आपल्या गाडीशेजारी उभं राहण्याची त्यांची सवय. तिथंच उभे राहिले. त्यामुळं टॉर्च निघाला नाही, चष्मा निघाला नाही. साहेबरावनं पंप उघडला, नवा पडदा अंदाजानं बसवला, वरचं झाकण स्क्रूनं आवळलं. पडद्याची कड एका जागी दुमडली आणि स्क्रूखाली चिरली. चांगल्या बोटाला ती घडी झोपेतही लागली असती. साहेबरावच्या बोटाखालून ती निघून गेली.

पंप गाडीला लावण्याआधी एक परीक्षा असते, उस्तादाच्या काळापासूनची. पंपाचं पेट्रोल ओढायचं तोंड अंगठ्यानं बंद करायचं आणि दांडी दोनदा हलवायची. पडदा शाबूत असेल तर अंगठा आत ओढला जातो, वासरानं बोट चोखावं तसा. साहेबरावनं अंगठा लावला, दांडी हलवली. काही कळलं नाही. पुन्हा हलवली. दादासाहेब बघत होते. तिसऱ्या वेळी त्याला वाटलं, हां, ओढतोय. बोटाला काहीच कळलेलं नव्हतं, चाळीस वर्षांच्या सवयीनं मनानंच ते उभं केलं होतं.

"वढतोय का रं?" दादासाहेबांनी विचारलं.

"ओढतोय की. नव्यासारखा," साहेबराव म्हणाला.

मग त्यानं पंप बसवला, आणि बसवला मात्र अगदी रीतसर. जुनं पॅकिंग खरवडून जागा पुसली, नवं लावलं. पुढून हँडल घालून इंजिन अर्धा फेरा फिरवलं, म्हणजे कॅमची फुगीर बाजू दांडीच्या वाटेतून मागं गेली. दांडी तिरकी आत सरकवली, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, पाइप जोडले. गाडी सुरू झाली. चीर बारीक होती, पंप कसाबसा पेट्रोल देत राहिला. दादासाहेब खूश होऊन गेले. साहेबरावला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण प्रभावतीला त्यानं ॲसिडिटी झाली म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी दादासाहेब पुन्हा आले, हसत हसत. म्हणाले, लोकांच्या गाड्या ऑइल खातात, माझी तर ऑइल घालते, मापाच्या पट्टीवर दर आठवड्याला जरा जरा वर चढतंय. मेकॅनिकला याचा अर्थ सांगायला लागत नाही. पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिनात झिरपतं, ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर फिरणारं इंजिन एक दिवस स्वतःलाच खाऊन टाकतं. साहेबरावनं बॉनेट उघडलं. त्यानं पट्टी काढली, ऑइल चिमटीत घेतलं आणि चोळलं. बोटांना पाणी चोळलं काय आणि मध चोळला काय, सारखंच. वास घ्यावा, तर शेडमध्ये आणि अंगावरच्या कपड्यांत चोवीस तास पेट्रोलचाच वास.

त्या क्षणी तो बोलला असता तर सगळं वाचलं असतं. पंप काढायला अर्धा तास, पडदा बदलायला अर्धा तास. पण पंप काढायचा म्हणजे मागच्या वेळी अंगठ्याला काहीच कळलं नव्हतं हे कबूल करायचं. साहेबराव म्हणाला, मागं माझ्याकडूनच ऑइल जास्त पडलं असेल, थोडं काढून टाकतो. काढलं. त्याला माहीत होतं का? होतं. मनाच्या एका कोपऱ्यात पुरतं माहीत होतं, आणि तो त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभा राहिला. त्याची बाजू घ्यायची फार इच्छा आहे, पण इथं ती घेता येत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, शेतावरून परत येताना, हायवे ओलांडायच्या ऐन वेळी इंजिनात ठोके पडले. दादासाहेबांनी पाय उचलेपर्यंत धाड्कन आवाज झाला आणि काळं ऑइल रस्त्यावर सांडलं. बेअरिंग जळून रॉड सुटला होता आणि त्यानं इंजिनाचा ब्लॉकच फोडला होता. मागं कंटेनरची रांग, भोंगे, शिव्या. चार कामगारांनी गाडी ढकलून कडेला लावली. दुपारचा एक. गवराबाई मागच्या सीटवर. रिक्षात त्यांना बसवता येईना, रविराज शिफ्टवर, त्याचा फोन लागेना. अडीच तास त्या तापलेल्या पत्र्यात बसून होत्या. कपड्यांतच सगळं झालं. शेवटी एका टेम्पोवाल्याला दया आली, आणि चार परक्या पुरुषांनी त्यांना चादरीत घालून, पोतं चढवावं तसं, टेम्पोत चढवलं. त्या वेळी त्यांनी डाव्या हातानं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

हे सगळं दादासाहेबांनी दुसऱ्या दिवशी, गाडी टो करून शेडमध्ये आणली तेव्हा, खाली बघत सांगितलं. वर म्हणाले, तुझा काय दोष, तीस वर्षं वढली बिचारीनं, तुझ्यामुळंच वढली. साहेबराव गाडीचं चाक न्याहाळत उभा राहिला. भोसरीच्या मशीन शॉपवाल्यानं फोटो बघूनच मान हलवली. ब्लॉक फुटलाय, इंजिन संपलं.

साक्षी चाकणच्या एका बॅटरीच्या कंपनीत लाइनवर आहे. सुट्टीच्या दिवशी बापाला मदत म्हणून ती शेडवर आली, आणि इंजिनाचे चांगले पार्ट सुटे करताना तिच्या हातात तो पंप आला. लहानपणी शंभरदा बघितलेलं, म्हणून तिनं सहज अंगठा लावून दांडी हलवली. मग पुन्हा हलवली.

"पप्पा, याला ओढच नाहीये."

साहेबरावनं पंप घेतला, अंगठा लावला आणि म्हणाला, "आहे की. थोडी आहे."

 साक्षीनं त्याचा मोकळा हात धरला आणि अंगठ्याच्या पेरात आपलं नख खच्चून रुतवलं. साहेबराव पंपाकडंच बघत होता. त्याला पत्ता नव्हता. पोरगी मटकन टायरवर बसली आणि रडायला लागली. प्रभावती डबा घेऊन आली, तिला एका नजरेत कळलं, आणि तीन वर्षं गिळलेलं सगळं तिनं तिथंच सांगून टाकलं. साक्षीनं बापाला एकच गोष्ट सांगितली, की महाळुंग्याला जाऊन हे तुम्ही स्वतः बोलायचं. साहेबराव नको म्हणाला नाही.

तो बसनं गेला. दादासाहेबांचं घर दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. गवराबाईंची खाट पडवीतच असायची, रस्ता दिसावा म्हणून. त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती आणि बाईंचं तोंड भिंतीकडं होतं. टेम्पोत चढवल्या दिवसापासून त्या पडवीत यायला नको म्हणून मान हलवत होत्या, कुणी भेटायला आलं की पदर तोंडावर घेत होत्या. रविराजनं चाकाची खुर्ची आणली होती, ती घडी न उलगडता कोपऱ्यात पडली होती.

साहेबरावनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साखर, बोटं, टाचणी, अंगठा, आणि तीन आठवड्यांनी ऑइल चोळून मारलेली ती थाप. काही लपवलं नाही. मला चपलेनं मारा म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की मारावं.

 दादासाहेबांनी साहेबरावचा हात ओढून घेतला, बोटं उलटीसुलटी करून बघितली, एकेक पेर दाबत विचारलं, कळतंय? साहेबराव या वेळी प्रत्येक पेराला नाही म्हणाला.

"चार वर्सं झाली, ह्या घरात एक मेलेला हात हाय," दादासाहेब म्हणाले. "त्यो मी रोज धुतो, रोज पुसतो. तुझा हात गेला म्हून मी हसलो असतो व्हय रं?"

साहेबरावला तोंड वर करता येईना. रागावले असते, हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं. दादासाहेबांचा आवाज चढला नाही, तो फक्त दमलेला होता.

"मी तितंच उबा व्हतो, सायबराव. तुझ्या शेजारी. म्हणायचं व्हतंस, दादा, तुमचा अंगठा लावा. लावला असता की मी."

एवढं बोलून ते उठले, कारण गवराबाईंना कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. आत जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. साहेबराव पडवीत उभा राहिला, दहा मिनिटं, कदाचित जास्तही. नुसता एक अंगठा हवा होता, कुणाचाही चालला असता, आणि तो हाताच्या अंतरावर होता. मग तो चालत स्टॉपवर आला आणि बसमध्ये सगळ्या लोकांदेखत रडला.

शेड त्यानं दुसऱ्या दिवशी उघडली नाही, नंतरही नाही. अँबॅसेडर भंगारात गेली. दीड एकरातलं तण गडी काढतो, नाहीतर काढत नाही, सांगणारं कुणी नाही. गवराबाई त्या एप्रिलनंतर घराबाहेर पडलेल्या नाहीत.